गावाची लोकसंख्या नेमकी कोणती? आधी हद्द, मग तारीख, मग आकडा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. राजापूर तालुक्यातल्या तुमच्या मूळ गावाची माहिती ग्रामपंचायतीसाठी लिहून द्यायचं काम तुमच्याकडे आलंय. ‘भौगोलिक स्थान’ आणि ‘लोकसंख्या’ ही दोन प्रकरणं अडली आहेत. लोकसंख्येचे तीन आकडे हाती आलेत: ग्रामपंचायतीच्या फलकावरचा, २०११ च्या जनगणनेतला आणि मतदारयादीवरून कुणीतरी काढलेला. तिन्हींत शेकड्यांचा फरक आहे. क्षेत्रफळही दोन कागदांवर दोन वेगवेगळं दिसतंय. यातलं खरं कोणतं, हा तुमचा प्रश्न.

मी रत्नागिरी जिल्ह्यात तलाठी म्हणून लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. गावदप्तर आणि जनगणना ही दोन्ही कामं हातून गेली आहेत, म्हणून लिहितोय. तुमचे तिन्ही आकडे बरोबर असू शकतात, कारण तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत. तुमची खरी अडचण आकड्याची नाहीच. कुठल्या हद्दीतली माणसं, कुठल्या तारखेला आणि कुठल्या नियमाने मोजली, हे त्या कागदांवर लिहिलेलं नाही, ही अडचण आहे. ते लिहिलं की भांडण मिटतं. आणि कोकणात ते लिहायला बसलं की भूगोल आपोआप आधी येतो. म्हणून माझा आग्रह असा की लोकसंख्येचं प्रकरण भूगोलानंतर लिहा, आधी नको.

सुरुवात हद्दीपासून करू. तुम्ही ज्याला ‘आमचं गाव’ म्हणता ते बहुधा ग्रामदेवतेचं गाव असतं. ज्या वाड्या पालखीत, मानपानात एकत्र येतात ते. जनगणनेचं गाव म्हणजे महसुली गाव. त्याला स्वतःचा गावनकाशा असतो, सर्व्हे किंवा गट नंबरांची सलग मालिका असते. ग्रामपंचायत हे तिसरंच. छोटी दोन-तीन महसुली गावं मिळून एक गटग्रामपंचायत असते आणि फलकावर तिची बेरीज लिहिलेली असते. तुमच्या फलकावरचा आकडा जनगणनेपेक्षा जास्त आहे असं तुम्ही म्हणता, तर पहिला संशय इथेच घ्या. ग्रामपंचायतीत किती महसुली गावं आहेत ते विचारा. मग २०११ च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेत त्या प्रत्येकाचा सहा अंकी गावसंकेतांक शोधून आकडे मांडा. ही पुस्तिका जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहे. एका भागात गावनिहाय सोयीसुविधा आणि जमिनीचा वापर आहे, दुसऱ्यात कुटुंबं, स्त्री-पुरुष, शून्य ते सहा वयाची मुलं, साक्षर, काम करणारे असा गोषवारा. नावावरून शोधू नका, संकेतांकावरून शोधा. खुर्द-बुद्रुक, तर्फ, एकाच नावाची दोन गावं, यांत भलभल्यांची गल्लत होते.

क्षेत्रफळाचंही तसंच आहे. मूळ आधार आकारबंद (गावच्या जमिनीचं क्षेत्र आणि आकारणी यांचा तक्ता) आणि गाव नमुना एक. तिथे हेक्टर-आर मध्ये एकूण क्षेत्र मिळेल. शंभर आर म्हणजे एक हेक्टर आणि शंभर हेक्टर म्हणजे एक चौरस किलोमीटर. जुन्या कागदांवर एकर-गुंठे असतात, चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठा आणि आर जवळजवळ सारखे असल्याने (गुंठा १,०८९ चौरस फूट, आर सुमारे १,०७६) लोक एकाच्या जागी दुसरा लिहून मोकळे होतात. एका घराच्या जागेला त्याने फारसा फरक पडत नाही, पण एकर आणि हेक्टरची अदलाबदल झाली तर गाव कागदावर अडीच पट मोठं होतं. तुमचे दोन आकडे एकमेकांच्या अडीच पट असतील तर कारण हेच. नसतील, तर एक आकडा महसुली गावाचा आणि दुसरा ग्रामपंचायतीचा असेल. मोबाइलवरच्या नकाशात गावाभोवती जी रेघ दिसते तिच्यावर क्षेत्र काढू नका. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल घ्या. खर्च किरकोळ आहे आणि पुढची सगळी माहिती त्याच कागदावर बसवता येते.

हद्दीबद्दल आणखी एक गोष्ट. २००१ आणि २०११ चे आकडे शेजारी ठेवून ‘गाव इतक्या टक्क्यांनी घटलं’ असं लिहिण्याआधी मधल्या काळात एखादी वाडी वेगळी होऊन स्वतंत्र महसुली गाव झाली का, ते तपासा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४ खाली अशी गावं जाहीर होतात. तसं झालं असेल तर गाव घटलेलं नसतं, कागद फाटलेला असतो, आणि दोन्ही तुकड्यांची बेरीज करूनच तुलना करावी लागते. जिल्ह्याच्या पातळीवर हाच सापळा १९८१ चा आहे. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या रत्नागिरीच्या आकड्यांत सावंतवाडी, मालवण, कणकवली सगळं आलं. एका स्मरणिकेत १९७१ चा जिल्ह्याचा आकडा आजच्या जिल्ह्याशी ताडून ‘अर्धा जिल्हा ओस पडला’ असा निष्कर्ष छापलेला मी वाचलाय.

आता तारीख. २०११ ची प्रत्यक्ष गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली आणि संदर्भाचा क्षण होता १ मार्चच्या पहाटेचा, म्हणजे २८ फेब्रुवारीची मध्यरात्र. नियम असा: नेहमी इथे राहणारा माणूस त्या वीस दिवसांत कधीही इथे असला तर तो इथला. पूर्ण काळ बाहेर असला तर जिथे सापडेल तिथे मोजायचा. घर कुणाच्या नावावर आहे, रेशनकार्ड कुठलं आहे, गणपती कुठे बसतो, याचा संबंध नाही.

हा नियम कोकणातल्या घराच्या पायरीवर कसा उतरतो ते सांगतो. प्रगणक शिक्षक ओटीवर बसतो, आधीच्या घरयादीच्या फेरीत चौकटीवर गेरूने घातलेला नंबर ताडतो आणि विचारतो, “आजी, घरात माणसं किती?” आजी बोटांवर मोजते: आम्ही दोघं, थोरला, त्याची बायको, दोन पोरं, धाकटा. सात. प्रगणक पुन्हा विचारतो, “थोरला सध्या कुठे?” “नालासोपाऱ्याला.” “मुलं शाळेत तिकडेच?” “तिकडेच.” “धाकटा?” “तो पण त्याच्याकडेच, कंपनीत आहे.” “या महिन्यात कुणी आलं होतं का?” “शिमग्याला येतील ना.” अर्जावर दोन माणसं चढतात. आजी खोटं बोललेली नाही. तिच्या हिशोबी ते घर सात माणसांचंच आहे, आणि ग्रामपंचायतीच्या फलकावरचा आकडाही पुष्कळदा याच हिशोबाने आलेला असतो. शेजारच्या चिरेबंदी घराला कुलूप आहे, किल्ली आजीकडेच. त्या घराची नोंद घरयादीत होते, पण त्यात माणूस शून्य.

२०११ ला होळी १९ मार्चला होती, म्हणजे गणना संपल्यावर तीन आठवड्यांनी. आपल्या भागात फेब्रुवारीत गाव जितकं रिकामं असतं तितकं वर्षात क्वचितच. गणपतीत मोजलं असतं तर त्याच गावाचा आकडा कितीतरी वर गेला असता. उलट काही माणसं फेब्रुवारीतच असतात. आंब्याच्या बागांची राखण आणि फवारणी करायला आलेले नेपाळी गडी, मच्छीमार बोटींवरचे बाहेरचे खलाशी, चिरेखाणीवरचे कामगार. ते पूर्ण काळ इथे असतील तर इथेच मोजले जातात. तुमच्या गावच्या गोषवाऱ्यात पुरुषांची संख्या एखाद्या दशकात अचानक वाढलेली दिसली, तर तिथे खाण, वसतिगृह किंवा एखाद्या प्रकल्पाची कामगारवस्ती होती का ते विचारा.

हे फक्त कोकणाचं दुखणं नाही. बीडकडच्या बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यात ऊसतोडीला गेलेली जोडपी दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन निघतात ती उन्हाळा लागल्यावर परततात. फेब्रुवारीत ती सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात उसाच्या फडात असतात आणि नियमाप्रमाणे तिथेच मोजली जातात. मोखाडा-जव्हारची कुटुंबं त्याच दिवसांत भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर असतात. पावसाळी शेती एका पिकाची, खाली पाणी नाही, म्हणून माणूस हलतो. तो हलतो त्याच महिन्यात शिरगणती येते. गावाचा आकडा समजायला गावचं पाणी आणि पीक माहीत हवं, असं मी म्हणतो ते यासाठी.

आपल्या जिल्ह्याचे आकडे हेच सांगतात. २००१ ला रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ ला १६,१५,०६९. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. महाराष्ट्राची लोकसंख्या वाढून ११ कोटी २३ लाखांवर गेली त्याच दशकात हे दोन जिल्हे आकसले. २०११ ला राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, तर रत्नागिरीत १,१२२. याचा अर्थ रत्नागिरीत मुली जास्त जन्मतात असा कुणी लावू नये. कमावत्या वयाचा पुरुष मुंबई-ठाण्यात आहे आणि घर, गोठा, शेत बाईच्या अंगावर आहे, असा त्याचा अर्थ. तुमच्या गावाचा गोषवारा उघडाल तेव्हा आधी हे गुणोत्तर पाहा, मग शून्य ते सहा वयाच्या मुलांचं प्रमाण पाहा. एकूण आकड्याइतकंच या दोन रकान्यांतून गाव कळतं. पहिलं खूप वर आणि दुसरं खूप खाली असेल, तर गाव म्हाताऱ्या माणसांचं झालंय.

बाकीच्या याद्यांचं झटपट सांगतो. मतदारयादीत अठराच्या खालचं कुणी नसतं, आणि मुंबईत राहणाऱ्या पुष्कळांनी नाव गावीच ठेवलेलं असतं. या दोन चुका उलट दिशेच्या आहेत. कधी एकमेकींना खाऊन टाकतात आणि आकडा योगायोगाने बरोबर दिसतो, म्हणून तो जास्त फसवा. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा घरपट्टीचा आहे. त्यात बंद घरंही आली, एका घराचे वाटणीने झालेले तीन भागही आले. त्याला पाचाने गुणून लोकसंख्या काढणारे लोक आहेत. तसं करू नका. जन्म-मृत्यूच्या नोंदवहीवरूनही हिशोब बसत नाही, कारण कायद्याने जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते. बाळंतपणं आता ग्रामीण रुग्णालयात नाहीतर रत्नागिरी-कोल्हापूरला होतात, पण म्हातारी माणसं गावच्या घरीच जातात. त्यामुळे तुमच्या वहीत मृत्यू दिसतील आणि जन्म जवळजवळ दिसणारच नाहीत.

आजचा आकडा हवाच असेल तर माझा विश्वास आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या कुटुंब सर्वेक्षण वहीवर आहे. त्या घरोघर जातात, कोण गरोदर, कोण तान्हं, कोण परतून आलं, हे त्यांना माहीत असतं. त्यांच्या परवानगीने वाडीवार बेरीज घ्या. त्याखाली महिना-वर्ष लिहा, आणि ‘अधिकृत जनगणना’ असं त्याला म्हणू नका. कामकाजात मात्र अजून २०११ च चालते. ग्रामपंचायतीचे सदस्य सात असतील की नऊ हे शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेवरच ठरतं: दीड हजारांपर्यंत सात, तीन हजारांपर्यंत नऊ, आणि पुढे वाढत जाऊन सतरापर्यंत.

आता भूगोल, आणि इथे हात आखडू नका. ‘गाव निसर्गरम्य असून चारही बाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे’ हे वाक्य कोकणातल्या प्रत्येक गावाला बसतं, म्हणून ते एकाही गावाचं नाही. त्याऐवजी जमीन वरून खाली उतरत लिहा. वर सडा: जांभ्या दगडाचं सपाट पठार, पावसाळ्यात गवत आणि रानफुलं, उन्हाळ्यात तापलेला तवा. मग उतार: पूर्वी राब भाजून नाचणी-वरी पिकायची ते वरकस, आता बहुतेक काजू-आंबा नाहीतर झाडोरा. त्याखाली घरं, परसात माड-पोफळी. तळाला पऱ्या, म्हणजे ओढा, आणि त्याच्या काठची भातखाचरं. समुद्राकडच्या गावांत त्याच्याही खाली खारजमीन आणि खाडी. सह्याद्रीकडच्या गावांत जांभा कमी होत जातो, काळा दगड वर येतो आणि उतार उभे होतात. तुमचं गाव यात कुठे बसतं ते मला माहीत नाही, म्हणून तुम्हालाच ते चालून लिहावं लागेल. सोबत भारतीय सर्वेक्षण विभागाचा पन्नास हजार प्रमाणाचा नकाशा ठेवा. राजापूर परिसर ४७ एच या मालिकेत येतो. त्यावर वीस-वीस मीटरच्या समोच्च रेषा आहेत, त्यावरून सर्वांत खालची आणि सर्वांत वरची उंची काढता येते. कोकणात गावाची एकच उंची देण्यात अर्थ नाही. ‘पऱ्यापासून सड्यापर्यंत इतकी ते इतकी’ असं लिहा. अक्षांश-रेखांश देताना तो बिंदू देवळाचा की ग्रामपंचायत कार्यालयाचा, तेही लिहा.

सड्याला दप्तरात किंमत नाही. पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) किंवा पडीक म्हणून तो एका रकान्यात जातो. पण तुमच्याच तालुक्यात बारसू, देवाचे गोठणे, रुंढे तळी, कशेळी इथल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, आणि कोकणातल्या काही कातळशिल्पांची ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. तुमच्या सड्यावर गुराख्यांना माहीत असलेली काही चित्रं असतील तर ती माहितीत आली पाहिजेत. आणि पाण्याच्या दृष्टीने सडा म्हणजे गावाचं छप्पर आहे. जिल्ह्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये टँकर फिरतात. जांभा सच्छिद्र आहे, पाणी त्यातून झिरपत पायथ्याच्या झऱ्यांनी बाहेर पडतं आणि काही तासांच्या अंतरावरच्या समुद्राला मिळतं. कुठला झरा कोणत्या महिन्यापर्यंत चालतो, ही ओळ तुमच्या माहितीत असेल तर ती पर्जन्यमानाच्या आकड्यापेक्षा उपयोगी आहे.

भूगोल आणि लोकसंख्या इथे एकमेकांना भिडतात. नळपाणी योजना माणशी रोज ५५ लिटर धरून आखतात आणि माणसं जनगणनेवरून घेतात. पण झरे सगळ्यांत आटलेले असतात तो मे महिना, आणि चाकरमानी मुलाबाळांसह गावी येतात तोही मे महिनाच. फेब्रुवारीच्या माणसांसाठी बांधलेली टाकी मेच्या माणसांना पुरत नाही, आणि मग वाडीवाडीत नळावरून कुरबुरी. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, माहितीत तीन आकडे द्या: जनगणनेचा, पावसाळ्यातल्या नेहमीच्या वस्तीचा, आणि मे व गणपतीतल्या गर्दीचा अंदाज. शेवटच्या दोन्हींपुढे ‘अंदाज’ असं स्पष्ट लिहा.

घनतेबद्दलही सावध राहा. समजा गाव ८०० हेक्टरचं आहे आणि माणसं १,६००. भागाकार केला की दर चौरस किलोमीटरला २०० आले, विरळ वाटतं. पण सडा, झाडोरा, खारफुटी वगळून राहण्या-कसण्याजोगी जमीन २०० हेक्टरच असेल, तर त्या जमिनीवर दर चौरस किलोमीटरला ८०० माणसं आहेत. घरासाठी सपाट जागा का मिळत नाही आणि वाटणीचे दावे का संपत नाहीत, ते या दुसऱ्या आकड्यातून कळतं.

वाड्यांची यादी मात्र काटेकोर करा. देशावर गावठाण एका ठिकाणी असतं. आपल्याकडे घरं वाड्यावाड्यांत पसरलेली, दोन वाड्यांमध्ये एखादा ओढा किंवा चढ. जनगणनेत वाडीचा वेगळा आकडा प्रसिद्ध होत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वाडीत ४८ कुटुंबं आणि २२८ माणसं असल्याचं सांगितलं गेलं. पण त्या रात्री घरात नक्की कोण झोपलं होतं, कोणती मुलं आश्रमशाळेत होती, कोण कामासाठी बाहेर होतं, हे नातेवाइकांना विचारून जुळवावं लागलं. डोंगरउतारावरच्या वाडीत घरं किती, माणसं किती, चालता न येणारी किती, रस्ता कुठे संपतो आणि पुढे पायवाट किती, हे ग्रामपंचायतीत लिहिलेलं असणं ही चैन नाही. आरोग्य उपकेंद्रासाठी सपाटीवर पाच हजार आणि डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येचा निकष आहे, तो याच अंतरांमुळे. वाड्यांची नावं लिहिताना जातीवरून पडलेली जुनी नावं तशीच उतरवू नका. ती बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतलाय. ग्रामसभेने नवीन नाव ठरवलं असेल तर तेच वापरा.

तुम्ही जाता जाता विचारलंत की एवढी दुकानं, शाळा, बँक असताना आमचं गाव ‘शहर’ का नाही. जनगणना एखाद्या गावाला शहर म्हणते तेव्हा तीन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात: लोकसंख्या किमान ५,०००, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, आणि घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००. कोकणातली पसरलेली गावं बहुधा घनतेवर अडतात. कायद्याने झालेल्या नगरपरिषदेला मात्र ही परीक्षा नाही. तुमचं राजापूरच पाहा. २००१ ला १०,४९९ माणसं, २०११ ला ९,७५३, तरी ते शहरच. अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या संगमावर वसलेलं हे बंदर. खाडीतून मालाची गलबतं इथवर यायची, इंग्रजांनी सतराव्या शतकात इथे वखार घातली ती यासाठीच. खाडी गाळाने भरत गेली आणि माल रस्त्यावर गेला. १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण चालू झाली, पण राजापूर रोड स्थानक शहरापासून लांब. संगम मात्र आहे तिथेच, म्हणून दर पावसाळ्यात जवाहर चौकात पाणी चढतं. ज्या भूगोलाने पेठ वसवली त्यानेच तिची वाढ अडवली, आणि हे ७४६ माणसांच्या घटीतून वाचता येतं. तुमच्या गावची मुलं शिकायला-नोकरीला राजापुरात थांबतात की थेट मुंबई गाठतात, हे शोधून लिहिलंत तर ते फार मोलाचं होईल.

तर कामाचा क्रम असा धरा. गावनकाशा आणि नमुना एक घ्या, महसुली गाव आणि ग्रामपंचायत वेगळी मांडा. सड्यापासून पऱ्यापर्यंत जमीन लिहा, वाड्या नकाशावर बसवा. मग २०११ चा आकडा ‘१ मार्च २०११ रोजी’ अशा शब्दांत संकेतांकासह द्या, आणि आशाताईंच्या वहीतला आजचा आकडा त्याखाली, महिना घालून.

घाई करायचं एक कारण आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. नवीन जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ ला निघाली. घरयादीचा टप्पा २०२६ चा, प्रत्यक्ष गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये आणि संदर्भदिनांक १ मार्च २०२७. होळी त्याही वर्षी मार्चच्या उत्तरार्धात आहे, म्हणजे चाकरमानी पुन्हा गणनेत नसतील. त्यांना ‘नाव गावी लावा’ असा आग्रह कृपा करून कुणी करू नये. ते जिथे राहतात तिथेच मोजले गेले पाहिजेत, नाहीतर नालासोपाऱ्याच्या पाण्याचा हिशोब चुकतो आणि आपल्याही. आपलं काम एवढंच की जे खरोखर गावी आहेत त्यांतलं कुणी सुटू नये: सड्याच्या कडेचं एकटं घर, बागेतल्या खोपटातले राखणदार, खाणीवरची कुटुंबं, धनगरवस्ती. तुमची वाड्यांची यादी आणि नकाशा तयार असेल, तर त्याच्या दोन प्रती काढा. एक ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे) द्या आणि एक गावात प्रगणक म्हणून नेमल्या जाणाऱ्या शिक्षकासाठी ठेवा. पायवाटेने जावं लागतं त्या घरांवर वेगळी खूण करा, आणि तिथे पोचवणाऱ्या माणसाचं नाव त्या शिक्षकाला आधीच सांगून ठेवा.